अवधानाचा विकार आणि डिजिटल साधने : निवासी शाळेच्या दृष्टीने एक अभ्यास

शिक्षकी पेशाच्या सुरुवातीच्या काळातला एक विद्यार्थी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सहावीत होता. वही हरवायची, कंपास हरवायचा, एकदा तर एकाच पायात चप्पल घालून प्रार्थनेला आला. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर द्यायचा आणि ते बहुधा बरोबर असायचे. गणिताच्या पेपरात पहिली तीन उदाहरणे अचूक, चौथे अर्धे सोडवलेले आणि पुढचे पान कोरे. मी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' सहामाहीला तोच शेरा लिहिला, वार्षिकलाही तोच. एकच वाक्य तीनदा लिहूनही ते वाक्य म्हणजे तक्रार नसून लक्षण असू शकेल, हे मला सुचले नाही. आठवीत त्याने शाळा सोडली. दाखला न्यायला त्याचे वडील आले. ऊसतोडीचा हंगाम संपवून नुकतेच परतले होते. जाताना म्हणाले, "गुरुजी, त्यो ल्हानपनापासनं असाच हाय. पर आमाला कुनी कधी इचारलंच न्हाई."

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. आज तो विचारण्याची साधने आपल्या खिशात आहेत. ती नीट कशी वापरावीत आणि कोठे थांबावे, याचा विचार निवासी शाळेच्या संदर्भात करण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतात, त्या विकारात अवधान टिकत नाही, शरीर स्वस्थ बसत नाही आणि मनात आलेली गोष्ट रोखून धरता येत नाही. तिन्ही गोष्टी सर्व मुलांत असतातच असे नाही. काही मुले केवळ हरवलेली असतात. ती खिडकीबाहेर पाहत बसतात, कोणाला त्रास देत नाहीत आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाहीत. मुलींमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. वर्गात धिंगाणा घालणाऱ्या मुलाचे नाव मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचते. दुसऱ्या बाकावर शांत बसून काहीही न ऐकणाऱ्या मुलीचे पोहोचत नाही. 'वेंधळी', 'स्वप्नाळू', 'मंद' अशी विशेषणे तिच्या वाट्याला येतात.

हा विकार मोबाइलच्या काळात निर्माण झाला, अशी समजूत पालकसभेत हमखास ऐकू येते. ती खरी नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन आढळते. त्याने त्याला 'नैतिक नियंत्रणातील दोष' म्हटले. बुद्धी ठीक असूनही मूल स्वतःला आवरू शकत नाही, हे त्याने अचूक टिपले. पण नाव देताना नीतीचा शिक्का मारला. वैद्यकाने तो शिक्का पुसायला बराच काळ घेतला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली 'अवधान कमतरता विकार' हे नाव आले आणि १९८७ साली त्यात अतिचंचलता जोडली गेली. आज हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार मानला जातो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांच्या संस्कारांतील उणीव हे त्याचे कारण नव्हे. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा घेता शाळकरी वयातील शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांना हा विकार असतो. म्हणजे तीनशे मुलांच्या वसतिगृहात पंधराच्या आसपास. आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने आणि गृहपालाने ही पंधरा मुले पाहिलेली आहेत. नावे मात्र निराळी दिलेली आहेत.

निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र नाही. निदान होते ते माहितीवरून. २०१३ सालच्या निदानपुस्तिकेप्रमाणे अवधानाची नऊ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ लक्षणे आहेत. त्यांपैकी कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात. काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी सुरू झालेली असावी लागतात. ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसावी लागतात. त्यांमुळे मुलाच्या अभ्यासात किंवा वागण्या-राहण्यात खरोखर अडथळा यावा लागतो. दुसरे कारणही नाही ना, हे पाहावे लागते. कानाने कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, रक्तक्षय, अपुरी झोप, घरातील मारहाण किंवा मृत्यू यांमुळेही मुलाचे लक्ष उडते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद नुसते शून्यात पाहते. झटके येत नाहीत, पडत नाही. शिक्षक समजतात की ते स्वप्नात आहे.

या अटी नीट वाचल्या की निवासी शाळेची अडचण आपोआप समोर येते. बाराव्या वर्षापूर्वीची हकिकत आईला माहीत. पण आई साखर कारखान्याच्या फडावर किंवा पुण्यामुंबईत बांधकामावर. वर्गातली हकिकत शिक्षकाला माहीत. पण संध्याकाळी सहानंतरचे मूल तो पाहत नाही. जेवणाच्या रांगेतले, अभ्यासिकेतले आणि रात्री झोप न लागणारे मूल गृहपाल पाहतो. पण त्याला कोणी विचारत नाही. साक्षीदार तीन आहेत, पण तिघे एका खोलीत कधीच येत नाहीत. डॉक्टर सत्तर किलोमीटरवर सोलापुरात. मुलाला घेऊन जायचे तर पालकाची तोड बुडते, उचल फिटत नाही. शेवटी जातो तो बहुधा शाळेचा शिपाई, आणि त्याला मुलाबद्दल काहीच सांगता येत नाही. डॉक्टरांनी दहा मिनिटांत काय निदान करावे?

अशा विखुरलेल्या माहितीचे काय करायचे, हे बार्शीला कोणी शिकवायला नको. १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली ती बार्शीत. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांत कार्यकर्ते नियमित फिरत. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता ते रुग्णापर्यंत जात, लोकांशी बोलत, नोंद ठेवत. या सततच्या संपर्काचा परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, हे त्यातून सिद्ध झाले आणि २००९ साली ते जगभर प्रसिद्ध झाले. मोठी यंत्रे मुंबईला होती. बार्शीचे वैशिष्ट्य होते दारापर्यंत जाणारा माणूस, ठरावीक प्रश्नांचा तक्ता आणि पुन्हा पुन्हा केलेली विचारपूस. एडीएचडी हा कर्करोग नव्हे, हे सांगायला नको. तुलना फक्त कामाच्या पद्धतीची आहे. तक्ता आणि विचारपूस या दोन्ही गोष्टी आता मोबाइलवर येऊ शकतात, एवढाच फरक.

या विकारासाठी जगभर प्रमाणित प्रश्नावल्या वापरल्या जातात. व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत पालकांसाठी पंचावन्न आणि शिक्षकांसाठी त्रेचाळीस प्रश्न असतात. भारतीय मुलांसाठी इनक्लेन या संशोधक-जाळ्याने सहा ते नऊ वयोगटाकरिता निदानसाधन तयार केले. दिल्लीच्या एम्सने ते सुधारून मोबाइलवर वापरण्याजोगे केले. कागदावर या प्रश्नावल्यांची अडचण अशी की गुण मोजताना चूक होते, एखादे पान हरवते आणि अक्षरओळख नसलेल्या पालकाला तर त्या निरुपयोगीच असतात. मोबाइलवर गुण आपोआप मोजले जातात, सुटलेला प्रश्न दाखवला जातो, प्रश्न मराठीत वाचूनही दाखवता येतो. गृहपालाचा, वर्गशिक्षकाचा आणि आईचा तक्ता शेजारी शेजारी ठेवता येतो. तिघांचे उत्तर एक आले तर त्याला वजन आहे. एकट्या गणिताच्या शिक्षकाचेच उत्तर वेगळे आले, तर मुलाआधी गणिताच्या तासाकडे पाहावे लागेल.

येथे एक सूचना अनुभवातून करतो. आईला फोन करायचा तो संध्याकाळी, तोड संपवून ती कोपीवर परतल्यावर. मुकादमाच्या फोनवर ही चौकशी करू नये. चारचौघांत कोणतीही आई आपल्या लेकराची उणीव सांगणार नाही. आणि 'तुमचा मुलगा चंचल आहे का?' असे विचारू नये. 'जेवताना ताटावरून किती वेळा उठतो? दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर किती आणतो? बालवाडीच्या बाईंनी काही सांगितले होते का?' असे विचारावे. उत्तर आपोआप येते. मी हे फोन पुढे बरेच केले. जवळजवळ प्रत्येक आईने बोलण्याच्या शेवटी एकच गोष्ट विचारली : 'त्याला मारत तर नाही ना?'

मोबाइलच्या कॅमेऱ्याचाही उपयोग आहे, मर्यादित आणि पालकांच्या संमतीने. शून्यात पाहणाऱ्या मुलाचे तीस सेकंदांचे चित्रण डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते. अपस्मार आणि अवधानाचा प्रश्न यांतला फरक ठरवायला ते उपयोगी पडते. हे चित्रण डॉक्टरांसाठी असते. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात ते टाकणे हा त्या मुलावर केलेला अन्याय आहे. असे प्रकार घडतात म्हणून हे स्पष्ट लिहितो.

पाश्चात्य देशांत याहून पुढची साधने आली आहेत. 'क्यूबीटेस्ट' नावाच्या संगणकीय चाचणीत मूल पंधरा-वीस मिनिटे पडद्यासमोर बसते; ठरलेले चिन्ह दिसले की बटण दाबायचे. किती चुका झाल्या, किती उशीर लागला हे संगणक मोजतो आणि डोके किती हलले हे कॅमेरा टिपतो. इंग्लंडमध्ये सहा ते सतरा वयाच्या अडीचशे मुलांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, या चाचणीचा अहवाल हाती असलेल्या डॉक्टरांनी निदानाचा निर्णय लवकर घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील 'नाइस' या सल्लागार संस्थेने निदानाला साहाय्यक म्हणून तिची शिफारस केली. साहाय्यक हा शब्द महत्त्वाचा. चाचणीत बरे गुण मिळवणारे मूलही या विकाराचे असू शकते. नवे यंत्र, शांत खोली आणि शेजारी बसलेला डॉक्टर यांमुळे काही मुले वीस मिनिटे छान सावरतात. पडद्यावरचे वीस मिनिटांचे मूल आणि वसतिगृहातले चोवीस तासांचे मूल यांत अंतर आहे. म्हणून आपल्याला अशी महागडी चाचणी परवडत नाही याची फार खंत करू नये. तीन साक्षीदारांचा तक्ता नीट भरला, तर आपले काम बरेचसे झाले.

तक्ता भरून पुढे जायचे कोठे? मार्ग आहे, मात्र तो फार थोड्या शाळांना माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा हेतू. तपासायच्या व्याधींच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही आहेत. या कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीला वर्षातून दोनदा आणि शाळेला एकदा भेट देते. पथक आले की आपण मुलांना रांगेत उभे करतो. वजन, उंची, दात, डोळे पाहून पथक निघून जाते. एका दिवसात शेकडो मुले पाहणाऱ्या डॉक्टरला कोणाचे लक्ष लागत नाही हे कसे कळणार? पथक येण्यापूर्वीच संशयित मुलांचे तक्ते भरून त्यांच्या हाती दिले, तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याला आधार मिळतो. वर्षातील तो एक दिवस वाया घालवू नये.

दुसरा मार्ग दूरध्वनीचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते. पालकांनी प्रथम येथे बोलावे. पुढे कोठे जावे याचे मार्गदर्शन मिळते. ई-संजीवनीद्वारेही डॉक्टरांशी दृक्श्राव्य सल्लामसलत करता येते. परंतु एक मर्यादा आधीच जाणून घ्यावी, म्हणजे निराशा होणार नाही. या विकारावर सर्वाधिक वापरले जाणारे औषध मिथिलफेनिडेट हे आहे आणि ते कायद्याने कडक नियंत्रणाखाली आहे. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वर्गातील औषधे केवळ फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. म्हणजे माहिती दूरवरून जाईल, सल्ला दूरवरून येईल. पण या औषधाच्या चिठ्ठीसाठी मुलाला प्रत्यक्ष न्यावेच लागेल. माझ्या मते ही अट योग्यच आहे. फेऱ्या चारऐवजी एक झाली, हाही गरीब पालकाचा लाभच आहे.

औषधाविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत. एक म्हणते, गोळी देऊन मुलाला गप्प करू नका. दुसरे म्हणते, गोळी द्या आणि आमचा त्रास संपवा. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात काळजीपूर्वक, वारंवार तपासून दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे चांगली कमी झाली. तेच औषध नेहमीच्या घाईच्या पद्धतीने दिले गेले तेव्हा लाभ कमी दिसला. म्हणजे फरक केवळ गोळीने पडत नाही, पाठपुराव्याने पडतो. भूक मंदावते, झोप उशिरा लागते. म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद ठेवावी लागते. घरी राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे बहुधा राहून जाते. वसतिगृहात मात्र वजनकाटा आहे, जेवणाची ठरलेली वेळ आहे आणि 'आज अर्धी भाकरी टाकली' हे पाहणारा माणूस आहे. मोबाइलवरील साधा तक्ता, दर आठवड्याला चार आकडे आणि दोन ओळी. तो महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे गेला, तर निवासी शाळा या बाबतीत शहरातल्या सुखवस्तू घरापेक्षाही चांगली देखभाल करू शकते. आपल्या अडचणींबद्दल आपण नेहमी बोलतो, या बलस्थानाबद्दल क्वचितच.

मुलांच्या हाती द्यायच्या साधनांबाबत मी थोडा साशंक आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी 'एन्डेव्हरआरएक्स' हा संगणकीय खेळ उपचार म्हणून मान्य केला. ३४८ मुलांवरील अभ्यासात हा खेळ खेळणाऱ्यांचे अवधान-चाचणीतले गुण सुधारले. पण पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत खेळणारा गट आणि दुसरा गट यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चाचणीत सुधारणा आणि ताटावर बसण्यात नाही, असा त्याचा अर्थ. त्यापेक्षा वसतिगृहाच्या भिंतीवरचे मोठे घड्याळ, पंधरा मिनिटांनी वाजणारा गजर, लांबलचक गृहपाठाचे तीन तुकडे, पहिला बाक आणि सूचना एका वेळी एकच, हे उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. अनेकजण आनापानाबद्दल विचारतात. आपल्या शाळांत सकाळचे मौन असतेच आणि त्याने मुले शांत होतात, हे मीही पाहिले आहे. पण या विकाराच्या मुलाला पहिल्याच दिवशी वीस मिनिटे बसवून, हलल्याबद्दल रागावणे म्हणजे लंगड्याला धावण्याची शिक्षा देण्यासारखे आहे. त्याला तीन मिनिटे पुरेत. आणि आनापान हा उपचाराला पर्याय आहे, असे कोणत्याही पालकाला सांगू नये.

आता नोंदींविषयी, जो मला सर्वांत नाजूक भाग वाटतो. शिक्का मारणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. शहरातील चांगल्या वस्तीतल्या मुलाचे लक्ष लागत नसेल तर त्याला तज्ज्ञाकडे नेतात. आपल्या वस्तीतल्या मुलाचे लागत नसेल तर 'यांच्यात शिक्षणाचे वातावरणच नसते' असे म्हणून विषय संपवतात. निदान नाकारले जाणे हाही भेदभावच आहे. परंतु निदान झाल्यावर ते नाव मुलाच्या कपाळावर गोंदले जाणार असेल, तर आपण एका शिक्क्याच्या जागी दुसरा मारला. म्हणून तक्ते कोणाच्या खाजगी फोनवर राहू नयेत. शाळेच्या एकाच कुलूपबंद खात्यात राहावेत आणि ते मुख्याध्यापक व गृहपाल यांनाच उघडता यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. ही संमती पालकाला समजेल अशा शब्दांत, वाचून दाखवून घ्यावी; फडावरून आलेल्या अंगठ्याचा निळा ठसा म्हणजे संमती नव्हे. दाखल्यावर या निदानाचा उल्लेख करण्याचे कारण नाही. आणि समाजमाध्यमांवर 'ही पाच लक्षणे असतील तर तुम्हाला एडीएचडी आहे' असे सांगणाऱ्या चित्रफिती पाहून कोणीही, माजी विद्यार्थ्यांनीही, स्वतःचे किंवा भाच्याचे निदान करू नये.

सवलतींबाबत पालकांचा एक गैरसमज दूर करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. तीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मात्र या विकाराच्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमताही असते. ती तपासून प्रमाणपत्र मिळाले, तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. यासाठी दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये. सातवी-आठवीतच तपासणी व्हावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी शाळेला नवे ॲप करून देण्याची घाई करू नये. शाळेला हवे आहे ते थोडे : एक जुना पण चालणारा टॅबलेट, त्यावरचे सुरक्षित खाते, प्रश्नावलीचे सोप्या मराठीतले ध्वनिमुद्रण आणि वर्षातून दोन दिवस गृहपालाशेजारी बसून शिकवणारा माणूस. आवाज शक्यतो आपल्याच भागातल्या बाईचा असावा. फडावरच्या आईला पुण्याच्या मराठीत विचारलेला प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि ती 'न्हाई, समदं चांगलं हाय' म्हणून फोन ठेवते.

तो सहावीतला मुलगा आता पन्नाशीकडे आला असेल. मध्यंतरी मोंढ्यात भेटला. हमाली करतो, तीन पोती एकाच खेपेत नेण्याबद्दल सगळे त्याला ओळखतात. धाकटा मुलगा चौथीत आहे म्हणाला, आणि हसत हसत पुढे सांगितले की त्याच्या बाईंनी वहीत लिहिलेय, हुशार आहे पण लक्ष नाही. मी त्याला तिथेच बसवले, खिशातून फोन काढला आणि विचारायला सुरुवात केली.